मतदार यादीत नाव नाही म्हणून पेन्शन अडवता येते का?

प्रश्न गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला आहे. आईचं वय ७२, दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेची पेन्शन तिला गेली काही वर्षं मिळत होती. मध्यंतरी ती धाकट्या मुलीकडे, महाराष्ट्रातल्या दोडामार्गला काही महिने राहिली. त्याच काळात मतदार याद्यांची फेरतपासणी झाली आणि तिचं नाव यादीतून गेलं. आता पेन्शनही थांबली आहे. गावात सांगतात की यादीत नाव नसेल त्याला सरकारी योजना मिळत नाही. हे खरं आहे का? आणि ‘असा नियम असायलाच हवा, म्हणजे बाहेरचे लोक योजना लाटणार नाहीत’ असं काही जण म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

पहिल्या प्रश्नावर लगेच हातपाय हलवायचे आहेत, म्हणून आधी तो घेतो.

दयानंद योजनेसाठी ज्येष्ठ नागरिकाचं वय ६० पूर्ण लागतं, उत्पन्नाची मर्यादा आहे आणि गोव्यात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. दरमहा २००० रुपये मिळतात. अर्जाच्या फायलीत आधार, मामलेदारांचा रहिवासी दाखला, उत्पन्नाचा दाखला, पासबुकाची झेरॉक्स आणि बहुतेक वेळा इलेक्शन कार्डाची झेरॉक्सही असते. त्या झेरॉक्समुळे लोकांच्या मनात पक्कं बसलं आहे की कार्ड म्हणजेच पात्रता. फायलीत ते कार्ड ओळख, वय आणि पत्ता दाखवण्यापुरतं लावलेलं असतं. पात्रता वरच्या अटींवर ठरते.

म्हणून आईची पेन्शन यादीमुळे थांबली असं धरून चालू नका. अशी पेन्शन अचानक थांबते तेव्हा सर्वांत आधी हयातीचा दाखला तपासायचा. तो दर वर्षी द्यावा लागतो आणि मुदतीत पोचला नाही की पैसे थांबतात. आई दोडामार्गला होती तेव्हा बीएलओला, म्हणजे मतदार यादीसाठी घरोघरी फिरणाऱ्या कर्मचाऱ्याला, घर बंद दिसलं असणार, आणि बहुधा त्याच महिन्यांत हयातीचा दाखला द्यायचा राहून गेला असणार. एकाच गैरहजेरीने दोन्ही गोष्टी झाल्या आणि लोकांनी एकीला दुसरीचं कारण ठरवलं, असं वारंवार होतं.

तपासण्याचा क्रम असा ठेवा. पासबुक छापून घ्या आणि शेवटची रक्कम कोणत्या महिन्याची जमा झाली ते पाहा. मग बँकेत विचारा की केवायसी बाकी आहे का, आधार खात्याला जोडलेलं आहे का, पैसे येऊन परत गेलेत का. परत गेले असतील तर दोष खात्यात आहे, योजनेत नाही. पैसे आलेच नसतील तर समाजकल्याण खात्यात मंजुरी क्रमांक दाखवून थांबण्याचं कारण विचारा. हयातीचा दाखला राहिला असेल तर तो देऊन लगेच पोच घ्या. पोच म्हणजे शिक्का आणि तारीख असलेली तुमच्याकडची प्रत. नुसतं ‘दिलं आहे’ म्हणून भागत नाही.

आणि खिडकीवर कुणी खरंच ‘यादीत नाव नाही म्हणून बंद’ असं सांगितलं, तर वाद घालू नका. एका कागदावर दोन ओळी लिहा: आईची पेन्शन अमुक महिन्यापासून बंद आहे, ती योजनेच्या कोणत्या कलमाखाली बंद केली ते लेखी कळवावं. योजना राजपत्रात अधिसूचित आहे, तिची कलमं ठरलेली आहेत. तोंडी सांगितलेलं कारण कागदावर मागितलं की बरेचदा ते कारण उरतच नाही. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाही आलं तर त्याच खात्यातल्या पहिल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील.

आता दुसरा प्रश्न, तशी अट असावी का.

कायद्याने पाहिलं तर भारतात मतदार म्हणून नाव नोंदवणं सक्तीचं नाही. संविधानाच्या कलम ३२६ ने १८ वर्षांवरच्या नागरिकाला नोंदणीचा हक्क दिला आहे. तो हक्क बजावला नाही म्हणून शिक्षा सांगणारं कलम १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात नाही. मतदानाबाबतही तेच. १९५१ च्या कायद्याच्या कलम ७९ मध्ये निवडणूकविषयक हक्काची व्याख्या आहे, तीत मत देण्याबरोबर मत न देण्याचाही समावेश आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ‘नोटा’चा, म्हणजे ‘वरीलपैकी कुणीही नाही’ या पर्यायाचा, निकाल देताना याच तरतुदीकडे लक्ष वेधलं. गुजरातने स्थानिक स्वराज्य संस्थांसाठी मतदान सक्तीचं करणारा कायदा केला होता. विधेयक २००९ चं, राज्यपालांची संमती २०१४ मध्ये. ऑगस्ट २०१५ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्याच वर्षी विधी आयोगाने आपल्या २५५ व्या अहवालात सक्तीच्या मतदानाची शिफारस करायला नकार दिला.

जी गोष्ट सरळ सक्तीची करता येत नाही, ती पेन्शनच्या आडून सक्तीची करणं संविधानाच्या कलम १४ च्या, म्हणजे समानतेच्या, कसोटीवर टिकणं कठीण आहे. त्या कसोटीत वर्गीकरणाचा योजनेच्या हेतूशी संबंध लागतो. म्हाताऱ्या माणसाला औषधाला आणि तांदळाला पैसे मिळावेत हा हेतू असेल, तर त्याने नमुना ६, म्हणजे मतदार नोंदणीचा अर्ज, भरला होता की नाही याचा त्या भुकेशी काय संबंध लावणार? आधारचं उदाहरण लोक देतात. पण आधार सक्तीचं करायला संसदेने कायदा केला, त्याच्या कलम ७ मध्ये अनुदानासाठी आधार मागण्याची तरतूद आहे, ती २०१८ साली सर्वोच्च न्यायालयात तपासली गेली, आणि त्याच कलमात म्हटलं आहे की आधार क्रमांक अजून मिळालेला नसेल तर ओळखीचा पर्यायी मार्ग द्यायचा. मतदार यादीसाठी असं काहीच नाही.

उलट, कायद्याने या दोन गोष्टी मुद्दाम लांब ठेवल्या आहेत. २०२१ च्या दुरुस्तीने आधार मतदार यादीला जोडण्याची सोय झाली, त्यासाठी नमुना ६ब आला. पण त्याच दुरुस्तीत लिहिलं आहे की पुरेशा कारणाने आधार देता आलं नाही म्हणून कुणाचं नाव नाकारायचं नाही आणि काढायचंही नाही. मे २०२४ मध्ये तर निवडणूक आयोगाने सगळ्या पक्षांना कळवलं की सर्वेक्षणाच्या नावाखाली मतदारांची नावं निवडणुकीनंतरच्या लाभार्थी योजनांसाठी नोंदवून घेऊ नयेत, कारण ते १९५१ च्या कायद्याच्या कलम १२३(१) खाली लाचेत मोडू शकतं. लाभ आणि मत यांची गाठ मारली की काय होतं हे आयोग ओळखून आहे.

कायद्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे अशी अट घातली तर प्रत्यक्ष काय काय मोडेल. इथे जरा थांबून पाहायला हवं.

मतदार यादी ही सतत हलणारी यादी आहे. वर्षात १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार पात्रता तारखा आहेत, मधल्या काळात नावं येतात, जातात, सरकतात. निवडणूक लागली की अर्ज भरण्याच्या शेवटच्या तारखेनंतर मतदान प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत यादी गोठते, नवं नाव घेता येत नाही. मतदानासाठी हे ठीक आहे, कुठेतरी रेघ मारावीच लागते. पण महिन्याच्या महिन्याला लागणारे २००० रुपये गोठलेल्या यादीला बांधले तर नाव चुकून गेलेल्या बाईने निवडणूक संपेपर्यंत काय करायचं?

नमुना ७ चा धोका याहून मोठा आहे. यादीतल्या नावावर हरकत घेण्यासाठी हा नमुना भरतात. त्याच मतदारसंघातला कुणीही मतदार दुसऱ्याच्या नावावर हरकत घेऊ शकतो: स्थलांतर झालं, मृत्यू झाला, इथे राहत नाही. आज खोटी हरकत आली आणि ती टिकली तर त्या माणसाचं मत जातं. उद्या पेन्शन यादीला बांधली तर खोट्या हरकतीने माणसाची चूलही बंद पडेल. पंचायत निवडणुकीत वॉर्डातलं वैर कुठल्या थराला जातं हे गोव्यात कुणाला समजावून सांगायला नको. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत सुमारे पावणेबारा लाख मतदार होते आणि विधानसभा मतदारसंघ ४०, म्हणजे एका मतदारसंघात सरासरी तीस हजारांच्या आसपास. पंचायतीचा वॉर्ड तर काही शे मतांचा. तिथे कोण कुणाचा, हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. मतदान केंद्रवार मोजणीचे आकडेही नंतर उघड होतात. अशा ठिकाणी यादी आणि लाभार्थी यादी एकमेकींवर ठेवता आल्या की म्हातारी माणसं मत द्यायला जाताना पेन्शनचा विचार करत जातील. मतपत्रिका गुप्त आहे हे त्यांना कितीही सांगा.

काही जण कायद्यानेच यादीबाहेर असतात. सक्षम न्यायालयाने मनोविकल ठरवलेल्या व्यक्तीचं नाव १९५० च्या कायद्याच्या कलम १६ प्रमाणे यादीत येऊ शकत नाही. मदतीची सर्वांत जास्त गरज असलेल्यांपैकीच ही माणसं. अठराखालची मुलं यादीत नसतात, मग शिष्यवृत्तीचं काय करणार? आई-बापाचं नाव पाहणार? तिथून पुढे प्रत्येक योजनेला अपवाद लिहीत बसावं लागतं आणि अपवादांची यादी नियमापेक्षा लांब होते.

‘बाहेरचे लोक’ हा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. गोवा लहान आहे, पैसा मर्यादित आहे, आणि गोवेकरासाठी ठेवलेला पैसा गोवेकरालाच मिळावा ही अपेक्षा रास्त आहे. पण त्यासाठी मतदार यादी हे चुकीचं माप आहे. तिच्यात नाव यायला १५ वर्षं लागत नाहीत. मतदारसंघात सर्वसाधारणपणे राहणारा, १८ वर्षांचा, नागरिक, एवढंच पाहिलं जातं. कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत दोन वर्षांपूर्वी कामाला आलेला माणूस कायदेशीरपणे इथला मतदार होऊ शकतो, आणि ते योग्यच आहे. याउलट सत्तरीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या बाईचं नाव एका बंद दारामुळे जाऊ शकतं. यादी गाळणी म्हणून वापरली तर नको तो आत राहतो आणि हवा तो बाहेर पडतो. शिवाय लाभासाठी नाव हवं म्हटलं की परराज्यातून आलेले लोक गावचं नाव न काढता इथेही नाव घालायला धावतील. दोन मतदारसंघांत नाव ठेवायला १९५० च्याच कायद्याच्या कलम १७ ची मनाई आहे, खोटं निवेदन केलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड आहे. म्हणजे गरिबाला गुन्ह्याकडे ढकलून यादीही खराब करून ठेवायची.

पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेल्या गोवेकरांचंही तसंच. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व स्वेच्छेने घेतलं की १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ ने भारतीय नागरिकत्व संपतं, आणि ओसीआय कार्डावर, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणाऱ्या कार्डावर, मतदार होता येत नाही. पण यादीतून नाव आपोआप निघत नाही. ज्याने प्रामाणिकपणे नमुना ७ भरून स्वतःचं नाव काढलं तो यादीबाहेर, ज्याने लपवलं तो यादीत. यादी हीच अट ठेवली तर लपवणाऱ्याला लाभ. योजनेत भारतीय नागरिकत्वाची अट घालायची असेल तर ती सरळ शब्दांत योजनेतच लिहावी आणि त्यासाठीचे कागद मागावेत. तारवटी म्हणून जहाजावर असलेल्या किंवा आखातात नोकरीला गेलेल्या भारतीय नागरिकाची गोष्ट निराळी. तात्पुरत्या गैरहजेरीने रहिवास संपत नाही असं १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम २० मध्ये म्हटलेलं आहे.

जगात दोन्ही दिशांची उदाहरणं आहेत. ब्राझीलमध्ये मतदान सक्तीचं आहे आणि ज्याने मतही दिलं नाही, कारणही दिलं नाही, दंडही भरला नाही त्याचा पासपोर्ट आणि सरकारी नोकरी अडते. तिथेही ७० वर्षांपुढच्यांना आणि निरक्षरांना सक्ती नाही. अमेरिकेने १९९३ च्या कायद्याने उलटी वाट धरली. सरकारी मदतीचा अर्ज घेणाऱ्या कार्यालयाने त्याच वेळी मतदार नोंदणीची संधी द्यायची, अर्ज भरायला मदत करायची, आणि अर्जावर स्पष्ट छापायचं की नोंदणी केली किंवा नाकारली तरी मिळणाऱ्या मदतीच्या रकमेवर परिणाम होणार नाही. हे गोव्यात उद्या करता येण्यासारखं आहे. दयानंद किंवा गृह आधार योजनेच्या अर्जाच्या खिडकीवर नमुना ६ आणि यादीतली दुरुस्ती करण्याचा नमुना ८ ठेवायचे, आणि वर हे वाक्य मराठीत आणि कोंकणीत मोठ्या अक्षरांत लावायचं. ज्यांना यादी भरलेली हवी आहे त्यांनी याचा आग्रह धरावा.

आता आईचं नाव परत कसं आणायचं. पेन्शनसाठी ते लागत नसलं तरी आणायलाच हवं, तो तिचा हक्क आहे.

आधी नाव खरंच गेलं आहे का ते पाहा. कार्डावरचा क्रमांक, म्हणजे तीन इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे, मतदार सेवा पोर्टलवर टाकून शोधा, किंवा १९५० या हेल्पलाइन क्रमांकावर विचारा. पुष्कळदा नाव असतं पण भाग क्रमांक बदललेला असतो, म्हणून जुन्या केंद्राच्या यादीत ते दिसत नाही. स्क्रीनवर नाव सापडलं नाही तर बीएलओकडची छापील यादी उघडून बघा. यादीत प्रत्येक मतदाराचा एक चौकोन असतो: अनुक्रमांक, कार्ड क्रमांक, नाव, नवऱ्याचं किंवा वडिलांचं नाव, घर क्रमांक, वय, लिंग. घर क्रमांकावरून पाहत जा. शेजारच्या घराचा चौकोन सापडला की त्याच्या मागेपुढे आपलं घर असतं, आणि कधी कधी आईचं नाव तिथेच चुकीच्या अक्षरांत बसलेलं सापडतं. तसं असेल तर नमुना ८ भरून दुरुस्ती, बस्स.

नाव खरोखरच गेलं असेल तर ते कोणत्या वाटेने गेलं ते महत्त्वाचं आहे. नेहमीच्या काळात स्थलांतराच्या कारणावरून नाव काढायचं असेल तर १९५० च्या कायद्याच्या कलम २२ प्रमाणे त्या व्यक्तीला आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. नोटीस आलीच नसेल, तर मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या आदेशाची प्रत मागा आणि आदेशापासून १५ दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम २४ खाली अपील करा. तिथे काम झालं नाही तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील. विशेष सखोल फेरतपासणीत, जी गोव्यात ४ नोव्हेंबर २०२५ पासून सुरू झाली, गोष्ट थोडी वेगळी होती. तिथे घरी आलेला गणना अर्ज भरून परत गेला नाही की प्रारूप यादीत नावच आलं नाही. अशा वेळी नमुना ६ आणि सोबतचं घोषणापत्र भरायचं.

१ जुलै १९८७ पूर्वी जन्मलेल्यांना या घोषणापत्रासाठी फक्त स्वतःचा कागद पुरतो, आई-वडिलांचे कागद लागत नाहीत. फेरतपासणीत गोव्याची २००२ ची यादी पायाभूत धरली होती. आईचं नाव तीत असेल तर त्या पानाचा उतारा लावा, काम सोपं होतं. नसेल तर जन्मदाखला, मान्यताप्राप्त मंडळाचं किंवा विद्यापीठाचं शैक्षणिक प्रमाणपत्र, १ जुलै १९८७ पूर्वीचा सरकारचा, बँकेचा, पोस्टाचा किंवा एलआयसीचा कागद, किंवा वनहक्क प्रमाणपत्र चालतं. सत्तरीतल्या डोंगराळ वाड्यांवर यातलं शेवटचं काही घरांत असतं आणि कपाटात पडून असतं. ओळखीसाठी आधारही लावा.

नमुना ६ ला पत्त्यासाठी लाइट किंवा पाण्याचं बिल, आधार, पासबुक, जमिनीचा उतारा किंवा नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी एक कागद लागतो. बिल मुलाच्या नावावर असलं तरी चालतं, तो त्याच पत्त्यावर मतदार असला म्हणजे झालं. यातलं काहीच नसेल तर अर्ज नाकारता येत नाही, बीएलओने प्रत्यक्ष येऊन खात्री करायची असते. भाडेकरूंची नेहमीची अडचण म्हणजे घरमालक करारावर सही करत नाही, पुढे भाडेकरू कुळ किंवा मुंडकार (मालकाच्या जमिनीत घर करून राहणारा) म्हणून हक्क सांगेल अशी त्याला धास्ती असते. त्यांनीही प्रत्यक्ष पडताळणीचाच आग्रह धरावा. अर्ज दिला की संदर्भ क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. अर्जांची यादी हरकतींसाठी सात दिवस लागते, त्यानंतर निर्णय होतो. बीएलओ येईल तेव्हा आई घरी हवी. पुन्हा दोडामार्गला जायचं असेल तर बीएलओला आधी फोन करून सांगा, शेजाऱ्यांना सांगून ठेवा. मुलीकडे गेलेली आई ‘स्थलांतरित’ ठरू नये म्हणून दोडामार्गच्या यादीत तिचं नाव कुणी आपुलकीने घातलेलं नाही ना, तेही विचारा. तसं असेल तर ते आधी सोडवायला हवं, कारण ते महाराष्ट्रात आहे आणि दोन ठिकाणचं नाव दोन्हीकडे अडचण करतं.

आता सगळ्यात जास्त फायली जिथे अडकतात ते: नावं. आपल्याकडे लग्नात मुलीचं नावच बदलतात. जन्मनोंदीत एक नाव, इलेक्शन कार्डावर सासरचं दुसरं नाव, आधारवर तिसरं स्पेलिंग. त्यात १९६१ पूर्वीची जन्मनोंद पोर्तुगीजमध्ये, आडनाव पोर्तुगीज धाटणीच्या अक्षरांत. गावकर, नाईक, परब ही आडनावं त्या नोंदीत ओळखूही येत नाहीत. संगणकाला ही तीन वेगळी माणसं वाटतात. उपाय असा की विवाह नोंदणीचा दाखला काढा. गोव्यात लग्नं नागरी नोंदणीत असतात, त्यामुळे माहेर आणि सासर जोडणारा हा कागद बहुतेकांना मिळतो. त्यासोबत ‘ही सर्व नावं एकाच व्यक्तीची आहेत’ असं प्रतिज्ञापत्र करा आणि त्यात प्रत्येक कागदावरचं नाव अक्षरशः जसं आहे तसं लिहा, सुधारून नको. एक अक्षर सुधारलं की प्रतिज्ञापत्र त्या कागदाशी जुळत नाही आणि पुन्हा फेरा पडतो. मग एक नाव ठरवा, शक्यतो आधार आणि बँकेतलं, आणि नमुना ८ ने कार्ड त्याला जुळवून घ्या. उलट क्रमाने गेलात, म्हणजे आधी कार्ड आणि मग आधार बदललं, तर मधल्या काळात बँक खातं जुळत नाही आणि पेन्शन परत लटकते.

१५ वर्षांच्या वास्तव्याची फाइल मतदार यादीवर अवलंबून राहणार नाही अशी बांधून ठेवा. रहिवासी दाखल्यासाठी तलाठ्याच्या अहवालावर बरंच अवलंबून असतं, आणि त्याला वर्षं भरलेली दिसायला हवीत. घरपट्टीच्या पावत्या, लाइटची जुनी बिलं, मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले, रेशन कार्ड, पोस्टाचं पासबुक, प्राथमिक आरोग्य केंद्राचे केसपेपर: दर तीन-चार वर्षांना एक तरी कागद पडेल असं मांडा आणि वर एका पानावर वर्ष आणि कागद अशी यादी लिहा. जुन्या मतदार याद्यांचे प्रमाणित उतारेही यात घाला. पुरावा म्हणून ते भक्कम आहेत, सरकारी आहेत आणि वर्षासकट आहेत. २००२, २००७, २०१२, २०१७ आणि २०२२ या विधानसभा निवडणुकांच्या वर्षांचे उतारे मिळाले तर वीस वर्षांचा सलग पट्टा दिसतो. यादीतलं नाव वास्तव्य दाखवायला असं उपयोगी पडतं, आणि ते नसेल तर घरपट्टीची पावती तेच काम करते. अधिकाऱ्याने दोन्ही कागद सारखेच मानले पाहिजेत, आणि तो मानत नसेल तर नकाराचं कारण लेखी मागायचा हक्क तुम्हाला आहे.

एक काळजी मात्र घ्या. पेन्शनचा अर्ज आणि मतदार नोंदणीचा अर्ज एकाच माणसाच्या हाती देऊन ‘दोन्ही करून टाक’ असं सांगू नका, मग तो पंच असो की कार्यकर्ता. समाजकल्याण खात्याचा कागद खात्यात, निवडणुकीचा कागद बीएलओकडे किंवा मामलेदार कचेरीतल्या निवडणूक शाखेत. हयातीचा दाखला या आठवड्यात द्या, नमुना ६ त्यानंतर. पेन्शन थांबलेल्या महिन्यांची थकबाकी मिळावी असं दाखल्यासोबतच्या अर्जात एका ओळीत लिहा आणि महिने नावानिशी मोजून लिहा.